तुमच्याकडून आला म्हणून

2021 सालची रमजान ईद शुक्रवारी, 14 मे रोजी झाली. कोरोनामुळे ईदची नमाज घरातच पढावी लागली. कोणाकडे जाणं नाही, कोणाचं येणं नाही. शीरखुर्म्याचं पातेलं घरातल्यांनीच दोन दिवस पुरवून संपवलं. त्याच दोन दिवसांत अरबी समुद्रातलं तौक्ते वादळ गोव्याकडून वर सरकत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

पावस म्हटलं की बाहेरच्या लोकांना स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आणि हापूसच्या बागा आठवतात. आम्हांला आठवतो तो पाऊस आणि वारा. तो आमच्या रोजच्या जगण्यातलाच आहे, म्हणून वाऱ्याला आम्ही सहसा घाबरत नाही. पण रविवारी, 16 तारखेला, सकाळपासून जो वारा सुटला तो वेगळा होता. हापूसचा शेवटचा तोडा अजून झाडावर होता, तो डोळ्यांदेखत खाली पडत होता. पडवीची कौलं एकेक करून उडत होती. दुपारी वीज गेली. "आंबे वेचायला कोणी बाहेर जायचं नाही," असं दादीने दारात खुर्ची टाकून बजावलं. मगरिबची नमाज कंदिलाच्या उजेडात झाली.

त्यानंतर थोड्या वेळाने फोनवर एक आवाज आला. एका नातेवाइकांच्या ग्रुपवरून आलेला, मिनिटभराचा. बोलणारा माणूस मराठी होता, आवाज शांत आणि जबाबदार वाटणारा. तो सांगत होता की तो नौदलातल्या एका मोठ्या साहेबांच्या घरून बोलतोय. रात्री दोन वाजता समुद्र आधी मागे जाईल आणि मग तीस फुटांच्या लाटा येतील. खाडीकाठच्या सगळ्यांनी आत्ताच वर सड्यावर जावं. आणि शेवटी तो म्हणाला, "सरकारला सगळं माहीत आहे, पण लोक घाबरतील म्हणून ते सांगणार नाही. आपल्या माणसांना तुम्हीच सांगा."

आम्ही तो तीनदा ऐकला. फोनची बॅटरी संपत आली होती, ती संपायच्या आत काय करायचं ते ठरवायचं होतं. आमचं घर उंचावर आहे, आम्हांला हलायची गरज नव्हती. पण आमची खाला पूर्णगडच्या बाजूला खाडीजवळ राहते. तिचा मुलगा कुवेतला, घरात ती, सून आणि दोन नातवंडं. आम्ही तो आवाज तिला पाठवला. खाली लिहिलं, "खाला, लगेच निघ."

कोणाच्या बोटाने पाठवला ते इथे लिहीत नाही. तो घरातून गेला म्हणजे आम्ही सगळ्यांनी पाठवला, असंच आम्ही मानतो. कारण "थांब, आधी विचारू" असं त्या वेळी घरातल्या एकानेही म्हटलं नाही. उलट पाठवल्यावर जरा हायसं वाटलं. आपलं कर्तव्य झालं, असं वाटलं. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत नेटवर्क गेलं.

दोन वाजेपर्यंत आम्ही जागे होतो. दोन वाजले, तीन वाजले. वारा होता, पाऊस होता, झाडं मोडल्याचे आवाज होते. लाट काही आली नाही. फजरला अंगणात उभं राहिलो तेव्हा वारा उतरू लागला होता आणि आम्हांला जरा लाजल्यासारखं झालं. खालाला फोन लावला तर लागेना. म्हटलं, वरच्या वाडीत जाऊन झोपली असेल, सकाळी हसेल आपल्याला.

खाला निघाली होती. दोन्ही नातवंडांना सुनेने घेतलं आणि ही काठी टेकत मागून. त्यांच्या घरापासून वरच्या वाडीला जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या आहेत, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं, आणि तेव्हा तर पाण्याचा लोटच वाहत होता. हातातली बॅटरी वाऱ्याने पडली. नवव्या की दहाव्या पायरीवर तिचा पाय सरकला. उजव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. वाडीतल्या मुलांनी तिला बाजेवर घालून वर नेलं. रत्नागिरीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी झाडं आडवी होती. कोयते आणि करवती घेऊन लोकांनीच वाट मोकळी केली तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात पोचली. तोवर ती बाजेवरच होती. मग कोरोनाची तपासणी, मग खाटेची वाट, मग शस्त्रक्रिया.

आणि तिच्या घराचं काय झालं? तीन कौलं गेली. उधाणाचं पाणी तिच्या अंगणाच्या गडग्यापर्यंतही आलं नाही. त्याच दिवशी सकाळी गावातले तलाठी आणि ग्रामपंचायतीची माणसं वाडीत फिरून गेली होती. ज्यांची घरं अगदी पाण्याला लागून किंवा कच्ची होती त्यांना त्यांनी शाळेत हलवलं होतं. खालाला त्यांनी सांगितलं होतं, "तुमचं घर पक्कं आहे, उंचावर आहे, तुम्ही घरातच थांबा, रात्री बाहेर पडू नका."

आठवड्याने आम्ही तिला भेटलो. माफी कशी मागावी ते सुचत नव्हतं. तिनेच विषय काढला. म्हणाली, "तलाठीभाऊंनी सांगितलं होतं बाहेर पडू नका म्हणून. आणि हा आवाज मला संध्याकाळीच दुसरीकडूनही आला होता, तेव्हा मी लक्ष नाही दिलं. पण मग तुमच्याकडून आला. तुमच्याकडून आला म्हणून खरा वाटला."

तिने दोष दिला असता तर बरं झालं असतं. अफवा पसरवणारा म्हणजे कोणी रिकामटेकडा, उपद्रवी माणूस, असं आपल्याला वाटत असतं. पण त्या माणसाचा आवाज खालाला घराबाहेर काढू शकला नव्हता. त्याला आमचं नाव लागलं तेव्हा तो काढू शकला. जो जितका भरवशाचा, त्याच्या हातून अफवेने तितकी मोठी इजा होते. आम्ही खालाला तेवढे जवळचे नसतो, तर तिचं हाड शाबूत राहिलं असतं.

पुढचे काही महिने आम्ही घरात एकच गोष्ट उगाळत होतो. आम्ही अडाणी नाही, घरात दोघं पदवीधर आहेत, पेपर रोज येतो. तरी आम्ही विश्वास कसा ठेवला?

दादी म्हणाली, यात नवीन काही नाही, फोन तेवढा नवीन आहे. ती 1979 सालची गोष्ट सांगते. अमेरिकेची स्कायलॅब नावाची अंतराळातली प्रयोगशाळा खाली येणार होती. सुमारे 77 टनांचं ते धूड नेमकं कुठे पडेल ते तिच्या मालकांनाही नक्की सांगता येत नव्हतं. देशभर लोकांनी धसका घेतला होता. दादी तेव्हा तरुण होती. कोणी म्हणे ती रत्नागिरीवर पडणार, कोणी म्हणे समुद्रात पडेल आणि समुद्र वर येईल. शेजारच्या एका घरात, नाहीतरी मरायचंच आहे म्हणून, पाळलेल्या सगळ्या कोंबड्या कापून खाल्ल्या. 11 जुलैला स्कायलॅब कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोणाला खरचटलंही नाही. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलरचा दंड ठोठावला. "आणि आमच्या शेजारणीला वर्षभर अंडी विकत घ्यावी लागली," दादी सांगते आणि हसते.

पण दादीच्या गोष्टीत आणि आमच्या गोष्टीत एक फरक आहे. स्कायलॅब पडणार हे सगळ्यांना उघड माहीत होतं. आमच्या फोनवर आलेल्या आवाजात एक वाक्य जास्त होतं, "सरकारला माहीत आहे, पण ते सांगणार नाही." पुन्हा पुन्हा विचार केला तेव्हा लक्षात आलं, आम्हांला तीस फुटांच्या लाटेने नाही हलवलं, या वाक्याने हलवलं. त्याच्यापुढे तलाठ्याचं सांगणं, रेडिओ, हवामान खात्याचे इशारे सगळं बाद होऊन जातं. ते "घाबरू नका" म्हणाले, तर तोच लपवाछपवीचा पुरावा ठरतो!

हे वाक्य आम्हांला इतकं सहज का पटलं, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर मान्य करावं लागतं की ते दर वेळी खोटं नसतं. आपल्या महाराष्ट्राने ते खरं ठरलेलंही पाहिलं आहे.

12 जुलै 1961. पुण्याच्या वरचं पानशेत धरण तेव्हा पुरतं बांधून झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं गेलं. धरण खचू लागलं तेव्हा लष्कराच्या जवानांना बोलावलं. त्यांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते काही तास तगवलं, त्यामुळे पाणी रात्रीऐवजी दिवसा शहरात शिरलं आणि असंख्य जीव वाचले. पण ज्या शहरासाठी जवान रात्रभर झटत होते, त्या शहराला वेळेवर स्पष्ट इशारा मिळाला नाही. सकाळी पानशेत फुटलं, त्याच्या पाण्याने खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या.

आमच्याच जिल्ह्यातलं तिवरे घ्या. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी झोपेत वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. धरणाला गळती आहे, अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगितलं. ते वाक्य आजही आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. सरकारी खुलासा म्हटला की लोक गालात हसतात आणि म्हणतात, "खेकडे असतील."

आणि आमच्या किनाऱ्यावर दक्षिणेला, राजापूर तालुक्यात, जैतापूर. माडबनच्या पठारावर 9,900 मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प करायचं ठरलं. शेजारच्या साखरी नाट्यातले आपले दालदी बांधव पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगतात. त्यांचे प्रश्न साधे होते. गरम पाणी समुद्रात सोडलं तर मासळीचं काय होईल? भूकंप झाला तर? 11 मार्च 2011 ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमाची अणुभट्टी कोलमडली, तेव्हा तर हे प्रश्न घराघरांत गेले. त्यांना मिळालेलं उत्तर बहुतेक वेळा एकच असे, अफवांवर विश्वास ठेवू नका. 18 एप्रिल 2011 ला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मारला गेला. अणुऊर्जेचा आपला तेव्हाचा 1962 चा कायदा सरकारला बरीच माहिती गुप्त ठेवायची मुभा देत होता. त्या काळात आमच्याकडेही नाना गोष्टी ऐकू यायच्या. बायकांना मुलं होणार नाहीत, आंबा काळा पडेल, किनाऱ्यावरचा माणूस दहा वर्षांत संपेल. यातलं बरंचसं निराधार होतं. पण खरी माहिती जिथे मिळत नाही, तिथे माणसं मिळेल ती माहिती घेतात. घरात पाणी नसेल तर माणूस डबक्यातलंही पितो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. फुकुशिमात अणुभट्टीतलं इंधन वितळलं होतं, पण ते उघड मान्य करायला दोन महिने लागले. तो शब्दच वापरायचा नाही, असं त्या वीज कंपनीत वरून सांगितलं गेलं होतं. 2016 साली कंपनीच्या अध्यक्षांना त्याबद्दल जाहीर माफी मागावी लागली. लोक घाबरतील म्हणून शब्द लपवला आणि लोक त्या कंपनीच्या प्रत्येक शब्दाला घाबरू लागले.

कधी सरकार उलटी चूकही करतं. 26 डिसेंबर 2004 ला पूर्व किनाऱ्यावर त्सुनामी आली तेव्हा आपल्याकडे इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आणि चारच दिवसांनी, 30 डिसेंबरला, अमेरिकेतल्या एका खाजगी संस्थेच्या अंदाजावरून केंद्रीय गृहखात्याने पुन्हा त्सुनामीचा इशारा दिला. तामिळनाडूत मदतीचं काम टाकून लोक पळत सुटले. लाट आली नाही. त्याच दिवशी सरकारच्याच दुसऱ्या खात्याने तो इशारा फोल असल्याचं सांगितलं. म्हणजे आम्ही त्या रात्री खालाच्या बाबतीत जे केलं, ते दिल्लीतही झालं होतं. आलेली बातमी तपासली नाही, पुढे ढकलली.

त्यानंतर मात्र एक चांगली गोष्ट घडली. 2007 पासून हैदराबादच्या समुद्री माहिती केंद्रात, ज्याला इन्कॉइस म्हणतात, त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा चोवीस तास चालते. हिंदी महासागरात मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत तिचं पत्रक निघतं, आणि ते कोणालाही वाचता येतं. तौक्तेच्या वेळीही हवामान खातं काही लपवत नव्हतं. वादळ किनाऱ्याला समांतर वर जाणार आणि गुजरातच्या बाजूला जमिनीवर येणार, हे ते आधीपासून सांगत होतं, आणि 17 मेच्या रात्री तसंच झालं. त्या रात्री सरकार खरं बोलत होतं. पण आम्ही ऐकायला तयार नव्हतो, कारण खेकडे आमच्या डोक्यात होते.

थोडं ज्ञान असतं तरी आम्ही त्या आवाजातली खोट पकडली असती. समुद्र आधी मागे जातो आणि मग लाट येते, हे काही वेळा त्सुनामीत होतं, आणि त्सुनामी बहुधा समुद्राखालच्या भूकंपाने येते. वादळाने येतं ते उधाण. वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो, भरतीची वेळ असेल तर ते जास्त चढतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बोलणाऱ्याने दोन्ही एकत्र शिजवल्या होत्या. पण आपल्या किनाऱ्यावर त्सुनामी येतच नाही, असं जे काही शहाणे लोक सांगतात, तेही खरं नाही. 28 नोव्हेंबर 1945 ला पहाटे मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा सकाळी मुंबईपर्यंत आल्या, तिथे माणसंही दगावली. म्हणून भीती वाटणं चूक नव्हतं. न विचारता ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं चूक होतं.

दीन याबद्दल काय सांगतो ते आम्हांला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. सूरह हुजुरातची सहावी आयत आम्ही लहानपणी मक्तबात शिकलो आहोत. बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाला तरी इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. ती आयत भांडणतंट्यांबद्दल आहे असं आम्ही धरून चाललो होतो. खालाच्या खाटेजवळ बसल्यावर कळलं की ती फोनबद्दलही आहे.

सूरह निसाची 83 वी आयत तर आमच्या त्या रात्रीसारखीच आहे. सुरक्षिततेची किंवा भीतीची बातमी आली की काही लोक ती लगेच पसरवतात. त्यांनी ती प्रेषितांकडे (स.) आणि आपल्यातल्या जबाबदार लोकांकडे नेली असती, तर ज्यांना तिचा छडा लावता येतो त्यांनी तो लावला असता, अशा आशयाचं तिथे आलं आहे. यात दोघांना काम नेमून दिलं आहे, असं आम्हांला वाटतं. सामान्य माणसाने बातमी जबाबदार माणसाकडे न्यावी. आणि जबाबदार माणसाने छडा लावावा, ती दडपून ठेवू नये.

जबाबदार माणूस कसा असावा, हे हजरत मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातल्या दोन प्रसंगांत दिसतं. दोन्ही हदीसच्या ग्रंथांत आहेत आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते माहीत असतील.

एका रात्री मदीनेत कुठून तरी मोठा आवाज आला. लोक घाबरून घराबाहेर आले आणि आवाजाच्या दिशेने निघाले. तर समोरून प्रेषित (स.) परत येत होते. हजरत अबू तलहांच्या घोड्यावर खोगीर न घालता ते सर्वांच्या आधी एकटे जाऊन पाहून आले होते. घाबरू नका, असा दिलासा त्यांनी लोकांना दिला. आपल्या अधिकाऱ्यांचंही "घाबरू नका" असंच सांगणं असतं. पण ऐकणारे विश्वास ठेवतात तो सांगणारा स्वतः तिकडे जाऊन आला आहे म्हणून. त्या दिवशी आमच्या खालाच्या वाडीत तलाठी स्वतः पावसात फिरून गेले होते. त्यांचं ऐकायला हवं होतं. आणि तिवऱ्याच्या गळतीची तक्रार आली तेव्हाही कोणी तरी असंच तिकडे जाऊन पाहून, खरं ते येऊन सांगायला हवं होतं.

दुसरा प्रसंग त्यांच्या घरातल्या दुःखाचा आहे. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोकांत बोलणं सुरू झालं की इब्राहीमसाठी सूर्यही झाकोळला. बापाच्या दुःखात ते ऐकून कोणालाही बरं वाटलं असतं. गप्प राहिलं असतं तरी लोकांच्या मनातला मान वाढलाच असता. पण त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आपल्या बाजूने असलेली अफवाही त्यांनी चालू दिली नाही.

हा प्रसंग आम्ही घरात मुलांना सांगितला तेव्हा दादी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि आपण वादळ आलं की म्हणतो, अमक्या लोकांच्या पापामुळे आलं."

आमच्या नव्या सवयीची परीक्षा लवकरच आली. त्याच वर्षी बकरी ईद 21 जुलैला झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर संदेशांचा पाऊस सुरू झाला, कोळकेवाडी धरण फुटलं, चिपळूण गेलं. कोयनेचं पाणी वीज तयार करून सह्याद्रीच्या अलीकडे कोळकेवाडीत येतं आणि तिथून वाशिष्ठीला मिळतं, त्यामुळे चिपळूणकरांच्या मनात ही भीती कायमची बसलेली आहे. चिपळूणला आमचे नातेवाईक आहेत. पण या वेळी आम्ही काहीच पुढे पाठवलं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक लावला. तो बराच वेळ लागत नव्हता, लावत राहिलो. शेवटी कळलं ते असं की धरण फुटलेलं नाही, पण शहरात पाणी वेगाने चढतं आहे, खालच्या मजल्यावर कोणी थांबू नये. तेवढंच आम्ही कळवलं, कोणाकडून कळलं आणि किती वाजता कळलं ते लिहून.

त्या दिवशी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. म्हणजे बातमीतलं धरण खोटं होतं, पण पूर खरा होता. आम्ही जर सगळंच अफवा म्हणून झटकून टाकलं असतं, तर तीही चूकच झाली असती. विचारणं याचा अर्थ अविश्वास दाखवणं असा होत नाही. पूर ओसरल्यावर धरणाचं पाणी कधी आणि किती सोडलं, नदीतला गाळ का काढला नाही, असे प्रश्न चिपळूणकरांनी उघडपणे विचारले. गाळ काढावा म्हणून ते साखळी उपोषणाला बसले, आणि गाळ काढायला सुरुवात झाली. सरकार काही लपवतं आहे असं वाटलं तर करायचं ते हे. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. आपल्या गावावर धरण असेल तर त्याची तपासणी कधी झाली, हे एका साध्या अर्जावर विचारता येतं. रात्री अनोळखी माणसाचा आवाज पुढे पाठवण्यापेक्षा ते जास्त कष्टाचं आहे, पण त्याने कोणाचं हाड मोडत नाही.

आता आमच्या घरात दाराच्या मागे एक कागद लावला आहे. त्यावर 1077, तलाठी आणि पोलीस पाटील यांचे क्रमांक आहेत. आमच्या मोहल्ल्यात जमातीनेही ठरवलं आहे की संकटाची बातमी मशिदीच्या भोंग्यावरून सांगायची तर आधी नियंत्रण कक्षाला विचारून, आणि ती कोणी सांगितली ते सांगून. घरातल्या मुलांना आम्ही एक वाक्य शिकवलं आहे, "मला माहीत नाही, विचारून सांगतो." ते बोलायला जरा कमीपणा वाटतो. फोनवरच्या त्या माणसाला ते बोलता आलं नाही, पुष्कळशा साहेबांनाही येत नाही.

खाला आता चालते, काठी घेऊन, उजवा पाय जरा ओढत. पावसाळ्यात दुखतो, ती बोलून दाखवत नाही. तिच्या फोनवर अजूनही असे आवाज येतात. तो आला की ती कोणालाही पाठवत नाही, आम्हांला फोन करते आणि विचारते, "बाळांनो, हे खरं का?"

इतकं सगळं होऊनही ती आम्हांलाच विचारते. आम्ही म्हणतो, "माहीत नाही खाला, विचारून सांगतो. तोवर घरातच थांब." आणि मग आम्ही खरोखर विचारतो.